कपात मावेल एवढा किस्सा : नारायण पेठेतील एका अमृततुल्याविषयी

गेली अकरा वर्षे दर रविवारी सकाळी साडेसात वाजता आम्ही चौघे पुण्याच्या नारायण पेठेतील एका अमृततुल्यात चहा घेतो, आणि त्या हिशेबाने या दुकानाविषयी चार शब्द लिहिण्याइतका चहा माझ्या पोटात गेला आहे, असे मानायला हरकत नसावी. दुकानाचे नाव मात्र देत नाही. लिहिण्यापूर्वी मालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "चांगलं लिहिणार असाल तर नाव देऊ नका, रविवारी आधीच बाक पुरत नाहीत. आणि वाईट लिहिणार असाल तर मुळीच देऊ नका." तेव्हा ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी पेठेत शिरावे आणि खलबत्त्याचा आवाज ज्या गल्लीतून येईल त्या गल्लीत वळावे.

चौघांपैकी एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. एक गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांना आम्हीच नव्हे तर निम्मी पेठ 'बाई' म्हणते. एक वकील आहेत, जे आपल्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसही आहेत. आणि चौथा मी, ज्याच्या हातून दर आठवड्याला काही ना काही सांडते, हरवते किंवा दुसऱ्याच्या घरी जाते. आमच्या गप्पांतून राजकारण दुसऱ्याच वर्षी बाद झाले, कारण त्यात चहा निवत असे. आजारपणावर बाईंनी बंदी घातली. उरल्या त्या आठवडाभरात घडलेल्या फजित्या, आणि त्यांनाही एक नियम आहे : फजिती स्वतःचीच सांगायची, दुसऱ्याची नाही. येथे लिहिताना मी तो नियम मोडणार असल्यामुळे तिघांची रीतसर परवानगी घेतली आहे. वकीलसाहेबांनी ती लेखी दिली.

दुकानाचे परीक्षण करताना या गप्पांचा उल्लेख कशासाठी, असे कोणी विचारेल. तर माझे म्हणणे असे की, चहाच्या दुकानाची परीक्षा चहाने निम्मीच होते. उरलेली निम्मी, तिथे माणसाला बोलावेसे वाटते का आणि वेळेवर थांबावेसे वाटते का, यावर होते. या दुकानाने आम्हाला दोन्ही गोष्टी शिकवल्या, आणि त्यातली दुसरी शिकवणे अधिक अवघड आहे.

आधी चहाविषयी. अमृततुल्यांचा वंश पुण्यात जुना आहे. सोन्या मारुती चौकातील आद्य अमृततुल्य १९२४ सालचे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी हा व्यवसाय पेठापेठांत नेला, आणि जुन्या दुकानांच्या पाट्यांवर देवादिकांची नावे दिसतात ती त्यामुळेच. आमच्या दुकानाचे मालकही याच परंपरेतले. त्यांचे आजोबा तिकडून आले. नातवाची मराठी आता इतकी पेठी झाली आहे की, गिऱ्हाइकाला न दुखावता त्याचा अपमान करणे त्यांना आमच्यापेक्षा चांगले जमते. सर्वजण त्यांना काका म्हणतात, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले लोकसुद्धा.

काका ओट्यावर मांडी घालून बसतात. समोर शेगडी आणि तिच्यावर आतून कल्हई केलेले पितळी पातेले. दूध, पाणी, साखर आणि चहाची बारीक भुकटी एकत्र उकळत असते, आणि आले-वेलदोडा आधी कुटून डब्यात भरून ठेवण्याची पद्धत येथे नाही. प्रत्येक पातेल्यासाठी ते ऐनवेळी पितळी खलबत्त्यात कुटले जाते. उकळी काठाला आली की काका डावाने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडतात, असे चार-पाच वेळा झाले की फडक्यातून गाळतात, आणि गाळून झाल्यावर डाव पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवतात. त्या दोन ठोक्यांवर बाकावरची माणसे घड्याळाकडे न पाहता सरळ होऊन बसतात. चहा दाट आहे, आल्याचा तिखटपणा घशाला लागतो पण ठसका लागत नाही, आणि वेलदोडा शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. साखर मात्र जास्त आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. "साखर कमी" असे सांगितल्यास काका मान डोलावतात आणि तोच चहा देतात. बिनसाखरेचा चहा मिळतो, पण तो वेगळ्या लहान पातेल्यात होतो आणि त्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागते. मधुमेही मंडळींनी बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

हा चहा येथे कप-बशीत मिळतो, आणि आमच्या गप्पांचे सगळे शास्त्र त्या कपावर उभे आहे. कप लहान आहे. चहा उकळता येतो, त्यामुळे पहिली दोन मिनिटे तो पिता येत नाही, आणि ती दोन मिनिटे सांगणाऱ्याची. त्यानंतर ऐकणारे पिऊ लागतात, सांगणारा मात्र बोलत असल्यामुळे त्याचा चहा तसाच राहतो, आणि दुधाचा चहा हलवल्याविना राहिला की त्याच्यावर साय धरू लागते. एका रविवारी बँकवाल्यांनी आपल्या बनावट नोटेची गोष्ट इतकी लांबवली की बाईंनी मध्येच त्यांच्या कपाकडे बोट दाखवून "साय आली" एवढेच म्हटले. तेव्हापासून आमच्यात तो शब्द रूढ झाला आहे. किस्सा रेंगाळला, दुसऱ्यांदा सांगितला जाऊ लागला किंवा त्यातून तात्पर्य निघण्याची चिन्हे दिसू लागली की कोणीतरी "साय आली" म्हणतो, आणि सांगणारा गुमान कप उचलतो. वकीलसाहेब बशीत ओतून पितात. बशीत पृष्ठभाग मोठा असल्याने चहा लवकर निवतो, त्यामुळे त्यांचे किस्से आमच्या सर्वांत आखूड असतात, आणि त्यांचे न्यायालयातील युक्तिवाद ऐकलेल्या लोकांचा यावर विश्वास बसत नाही.

मध्यंतरी हे शास्त्र धोक्यात आले होते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी झाली, तेव्हा बाहेर नेण्याच्या चहाची पंचाईत झाली म्हणून काकांच्या मुलाने कागदी कप आणले आणि बाकावरही तेच देऊ लागला. कागदी कप हातात धरून माणूस चालत-चालत बोलतो, दाराशी उभा राहून बोलतो, आणि त्याचे बोलणे कुठेच संपत नाही. शिवाय बशी गेल्यामुळे वकीलसाहेब अवाक्षर काढीनासे झाले. तीन महिन्यांनी आम्ही चौघांनी तक्रार केली आणि बाकावर बसणाऱ्यांसाठी कप-बशी परत आली. तक्रार ऐकून घेण्याच्या बाबतीत या दुकानाला मी पूर्ण गुण देतो, जरी काकांनी ती ऐकताना आमच्याकडे पाठ केली होती.

आता बाकांविषयी सावधगिरीची सूचना. आत एक आणि बाहेर दोन असे तीन बाक आहेत. बाहेरच्या डाव्या बाकाचा एक पाय आखूड असून त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली असते, आणि पावसाळ्यात त्या घडीचा लगदा होतो. या बाकाच्या टोकाला बसलेला मनुष्य एकाएकी उठला, तर दुसऱ्या टोकाचा मनुष्य चहासह रस्त्यावर येतो. म्हणून येथे उठण्यापूर्वी "मी उठतो आहे" असे शेजाऱ्याला सांगण्याची प्रथा आहे, आणि अनोळखी माणसांच्या ओळखी बहुधा याच वाक्याने होतात. बाक दुरुस्त करावा अशी सूचना मी पूर्वी केली होती. आता ती मागे घेतो.

किस्स्यांचा नमुना दिल्याविना या जागेची कल्पना येणार नाही, म्हणून तीन सांगतो.

पहिला माझा. मंडईत भाजी घेऊन मी माझ्या पांढऱ्या स्कूटरला किल्ली लावली, ती नेहमीसारखी थोडी अडली, नेहमीसारखी हलवल्यावर फिरली, आणि मी घरी आलो. पिशवी ठेवायला म्हणून आसन उचलले, तर खाली दोन किलो गवार, एक रेनकोट आणि कोणाच्या तरी आधार कार्डाच्या छायाप्रती. गवार मी खात नाही. स्कूटर माझी नाही, हे मला त्या गवारीने कळले. छायाप्रतींसोबतच्या अर्जावर दूरध्वनी क्रमांक होता. मी घाबरत फोन लावला, तर पलीकडचे गृहस्थ अत्यंत शांतपणे म्हणाले, "मी तुमच्या गाडीवर बसलो आहे. माझी किल्ली तुमच्या गाडीला लागते, पण मी नेली नाही, कारण आत भोपळा आहे." दोन जुनी कुलुपे झिजून एकमेकांच्या किल्ल्या घेऊ लागली होती. दोघांनीही कुलपे बदलली. पण मी गवार परत करताना ती अर्धा किलो कमी भरली, असे त्यांचे अजूनही म्हणणे आहे, आणि त्या वादाचा निवाडा याच बाकावर करायचे ठरले. काकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि चहाचे पैसे दोघांकडूनही घेतले.

दुसरा वकीलसाहेबांचा. त्यांच्या भागातील जलवाहिनी फुटली होती. चिटणीस या नात्याने त्यांनी संस्थेतील बहात्तर घरांना मोबाईलवरून संदेश पाठवला. घाईत 'जल' राहिले, आणि उरलेल्या शब्दातील एक काना मोबाईलने आपल्या जबाबदारीवर काढून टाकला. संदेश गेला तो असा : "आपल्या रस्त्यावरील वहिनी फुटली आहे. दुरुस्तीचे काम सायंकाळपर्यंत चालेल. सहकार्य करावे." पहिले उत्तर तळमजल्यावरून आले : "कोणाची?" वकीलसाहेबांनी संदेश न वाचताच "महानगरपालिकेची" असे उत्तर दिले. किस्सा त्यांनी एवढाच सांगितला आणि बशी उचलली. त्यांच्या घरच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या या नात्याने वहिनीच लागतात. त्यांनी पुढे दोन दिवस शेजाऱ्यांच्या चौकशांना "आता बऱ्या आहेत" असे उत्तर दिले, हे आम्हाला नंतर त्यांच्याकडूनच कळले. वकीलसाहेबांनी ते सांगितले नव्हते, कारण तेवढ्यात चहा संपला होता.

तिसरा बाईंचा, आणि माझ्या मते या अकरा वर्षांतला सर्वोत्तम. एका मंगल कार्यालयात वर-खाली दोन सभागृहे, एकाच मुहूर्तावर दोन लग्ने. बाईंना वरच्या लग्नाचे आमंत्रण होते. गर्दीच्या ओघात त्या खालच्या लग्नात शिरल्या. अक्षता टाकल्या, स्टेजवर जाऊन वधूवरांच्या हाती पाकीट दिले, रुखवतातील क्रोशाच्या कामाची वाखाणणी करताना एका आजींना त्यातली टाक्यांची एक चूकही दाखवली, आणि पहिल्या पंगतीला बसल्या. मसालेभात झाला, जिलबी आली, आग्रह झाला, आणि नवरीने उखाणा घेतला. उखाण्यातले नाव पत्रिकेतले नव्हते. बाई म्हणाल्या की, त्या क्षणी प्रथम त्यांना नवरीची काळजी वाटली. मग वस्तुस्थिती लक्षात आली. अर्ध्या पानावरून उठणे बरे दिसेना, म्हणून त्यांनी ताकापर्यंत जेवण पूर्ण केले आणि वर गेल्या, तेव्हा वरची मंडळी आवराआवर करत होती. येथपर्यंत हा किस्सा पुष्कळांच्या घरी घडत असेल. पण बाईंनी शिक्षिकेच्या सवयीने पाकिटावर नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिला होता. खालच्या लग्नातल्या मंडळींनी आहेराच्या यादीवरून सव्वा वर्षाने त्यांना बारशाचे आमंत्रण दिले. बाई गेल्या. या वेळी बाहेरची पाटी दोनदा वाचून गेल्या. आता त्या घरी त्यांचे येणे-जाणे आहे, त्या बाळाला पाढे शिकवण्याचे त्यांनी कबूल केले आहे, आणि ज्या घरच्या लग्नाला त्या खरोखर निघाल्या होत्या, ते घर मात्र अजून रुसलेले आहे. हे सांगून बाईंनी आपल्या कपातली साय चमच्याने स्वतःच बाजूला केली. त्या दिवशी "साय आली" असे म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

असे किस्से घरच्या दिवाणखान्यात सांगता येत नाहीत काय? येतात, आम्ही करून पाहिले आहे. घरी चहा दुसऱ्यांदा होतो, पोहे येतात, कोणीतरी "परवा तुम्ही हेच वेगळं सांगितलं होतं" म्हणून साक्ष देतो, आणि फजितीचे प्रकरण होते. हल्ली चौकाचौकांत अमृततुल्य याच शब्दाच्या नव्या पाट्या लागल्या आहेत. तिथला चहा वाईट नाही, कप स्वच्छ असतात, आणि दिवे तर इतके लख्ख असतात की आपला खजील चेहरा समोरच्याला पूर्ण दिसतो. पण आम्ही गेलो त्या दुकानांत बसायला जागा नव्हती. उभ्याने माणूस बातमी सांगतो. फजिती सांगायला बसावेच लागते.

खाद्यपदार्थांबद्दल थोडक्यात. खारी कुरकुरीत आहे आणि चहात बुडवल्यावर तीन मोजेपर्यंत टिकते. चार मोजू नयेत. क्रीमरोल सकाळी नऊपर्यंत घ्यावा, दुपारी त्यातले क्रीम आणि वरचे आवरण यांचा परस्परांशी संबंध राहत नाही. नानकटाई मी कधीच घेत नाही, तेव्हा तिच्यावर बोलत नाही. पिण्याचे पाणी पिंपात असते आणि त्यावर झाकण असते; पेले मात्र विसळण्याचा वेग पाहता मी घरचे पाणी नेतो. पार्किंग अर्थातच नाही. पत्नीसह चारचाकीतून येणाऱ्यांनी, दोघांपैकी एकाला गाडीत बसून राहावे लागेल, ही तयारी ठेवावी, आणि तो एक कोण याचा निर्णय घरीच करून निघावे.

पावसाळ्यात दुकानाला निराळा रंग येतो. खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की तो पाहायला येणारी मंडळी परतताना या गल्लीत शिरतात, बाकांवर जागा उरत नाही, आणि ओट्याशेजारच्या खिळ्यांवर तीस-चाळीस काळ्या छत्र्या एकमेकींना खेटून ठिबकत असतात. या खिळ्यांवर लावलेली छत्री परत मिळते, पण तीच मिळते असे नाही. माझी लाकडी मुठीची छत्री येथे गेली, तिच्या जागी एक घडीची आली, तिच्या जागी जाहिरातवाली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात माझी मूळ छत्री दुरुस्त झालेल्या काडीसह त्याच खिळ्यावर परत आली. काडी कोणी दुरुस्त केली ते कळले नाही. गुण देताना ही बाब कोणत्या रकान्यात धरावी, हे मला ठरवता आलेले नाही.

आता पैशांच्या व्यवहाराविषयी, कारण या दुकानाची खरी कसोटी तिथे लागली. पूर्वी सुट्या पैशांऐवजी येथे गोळ्या मिळत. पुढे मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आली आणि काकांच्या मुलाने मिळालेली रक्कम मोठ्याने जाहीर करणारा एक लहानसा डबा आणून गणपतीच्या तसबिरीखाली ठेवला. या डब्याचा आवाज एका अत्यंत आत्मविश्वासू स्त्रीचा आहे. तो कमी करता येतो, असे सांगतात. काकांनी तो वाढवून ठेवला आहे, कारण उकळीच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. परिणामी, कोणी किती कप घेतले आणि कोणाचे पैसे कोणी दिले, हे गल्लीच्या तोंडापर्यंत कळते, आणि गुपचूप बिल देऊन मोठेपणा मिळवण्याची जुनी कला येथे नष्ट झाली आहे.

चहा बारा रुपये होता तेव्हाची गोष्ट. चार चहांचे अठ्ठेचाळीस रुपये द्यायचे होते, आणि त्या दिवशी पाळी बँकवाल्यांची होती. अडतीस वर्षे नोकरी केलेल्या या गृहस्थांना पैशांचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिले, टिंब दिले, दोन शून्ये दिली. टिंब उमटले नाही. क्षणभराने तसबिरीखालून घोषणा झाली : "चार हजार आठशे रुपये प्राप्त झाले." बाहेरच्या डाव्या बाकावरचा एक मनुष्य "मी उठतो आहे" असे न सांगताच उठला आणि दुसरा पडला. काकांनी डाव खाली ठेवला, जे मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. बँकवाले इतके कानकोंडे झाले की त्यांना आपला संकेतांकही आठवेना.

पैसे परत करण्यात अडचण अशी की, खाते मुलाच्या मोबाईलला जोडलेले आणि मुलगा आठ दिवसांसाठी गावाकडे लग्नाला गेलेला. काकांनी ताबडतोब गल्ल्यातून रोख देऊ केली. बँकवाल्यांनी ती घेण्यास नकार दिला. रक्कम ज्या मार्गाने गेली त्याच मार्गाने परत यावी, नाहीतर दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शेवटी काकांनी उधारीची लाल वही काढली, आणि त्या वहीच्या इतिहासात बहुधा प्रथमच एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे येणे न लिहिता देणे लिहिले. चालू चहाचे अठ्ठेचाळीस वजा जाता बाकी चार हजार सातशे बावन्न. बाईंनी कागद न घेता सांगितले, "तीनशे शहाण्णव कप. चौघांचे नव्व्याण्णव रविवार." त्यावर सर्वजण गप्प झाले, कारण नव्व्याण्णव रविवारांचे नियोजन आम्ही यापूर्वी कशाचेच केले नव्हते.

मुलगा परतल्यावर त्याने पैसे पाठवण्याची तयारी दाखवली. पण तोपर्यंत बँकवाल्यांना यजमानपणाची गोडी लागली होती. ते आता चहा आला की "घ्या, घ्या" असे म्हणत, आणि मी देतो-तू देतोस ही आमची दर रविवारची झटापट बंद पडली. मला स्वतःला तिची उणीव भासते. या वहीतला एकही कप कधी चुकीचा धरला गेला नाही. एका रविवारी बाई गावाला गेल्या होत्या, तेव्हा काकांनी तीनच रेघा ओढल्या, आणि पुढच्या वेळी त्या दोन कप प्यायल्या तेव्हा पाच. सचोटीबद्दल या दुकानाला पाचपैकी पाच. चहाला चार, एक गुण साखरेचा कापून. बाकाला मी गुण देत नाही, तो परीक्षेच्या पलीकडचा आहे.

मात्र एक तक्रार उभी आहे, आणि ती नोंदवणे माझे कर्तव्य आहे. बरोबर वीस रविवार पूर्ण झाले, ऐंशी कप संपले, आणि चहा पंधरा रुपये झाला. वकीलसाहेबांनी बशी बाजूला ठेवून प्रतिपादन केले की, दुकानाकडून येणे आहेत ते रुपये नसून कप आहेत, करार बारा रुपयांच्या काळात झाला, तेव्हा उरलेले तीनशे सोळा कप जुन्या दरानेच मिळाले पाहिजेत. काका आले कुटता-कुटता म्हणाले, "चहा तुमचा, साहेब. भाव माझा." बँकवाल्यांनी काकांची बाजू घेतली, कारण वहीत रुपये लिहिले आहेत आणि लिहिलेले खरे. बाईंनी भागाकार केला : शिल्लक तीन हजार सातशे ब्याण्णव, पंधराने भागले असता दोनशे बावन्न कप, म्हणजे त्रेसष्ट रविवार, आणि बाकी बारा रुपये. हे बारा रुपये म्हणजे नेमका एक जुना चहा; पण आजच्या भावाने त्यात चहा येत नाही. काकांनी त्याबदल्यात खारी देऊ केली आहे. बाईंनी हिशेब वहीत उतरवून खाली सही केली, आणि वकीलसाहेबांची हरकत लिहिण्यासाठी काकांनी त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.